नीलगिरीवरील तांबड्या फुलांचें झाड व ‘निलगिरी’ हें नांव

मराठींत ‘निलगिरी’ म्हटलें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें पर्वत उभा राहत नाहीं. गुळगुळीत फिक्या खोडाचें, सरळ उंच वाढणारें, पान चुरगाळलें असतां उग्र वास देणारें एक झाड उभें राहतें, आणि त्याबरोबर सर्दी झाली असतां हुंगावयाच्या तेलाची बाटली आठवते. हें झाड मूळचें ऑस्ट्रेलियांतील. दक्षिणेंतील नीलगिरि पर्वतावर तें १८४३ च्या सुमारास लावलें गेलें, आणि त्या पर्वताचें नांव आमच्या भाषेंत झाडाला व त्याच्या तेलाला कायमचें चिकटलें. उलट ज्या झाडाच्या शास्त्रीय नांवांतच ‘निलगिरि’ हा शब्द आहे, जें दक्षिणेच्या उंच डोंगरांवांचून जगांत इतरत्र आपोआप उगवत नाहीं, त्याला मराठींत नांवच नाहीं. त्या दुसर्‍या झाडाविषयीं येथें लिहावयाचें आहे. घोटाळा टाळण्यासाठीं या लेखांत पर्वताला ‘नीलगिरि’ व ऑस्ट्रेलियन झाडाला ‘निलगिरी’ असें लिहिलें आहे.

वनस्पतिशास्त्रांतील विषय इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कशाला, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर एवढेंच कीं, येथें प्रश्न झाडाचा जितका आहे तितकाच नांवांचा आहे, आणि नांवांच्या आधारें काल व स्थल ठरविण्याची संवय आपल्या मंडळींना फार आहे. प्रस्तुत लेखकालाही ती होती, व त्या संवयीपायीं त्यानें एक चूक वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांना शिकविली.

मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. शिक्षक अपुरे असल्यामुळें भूगोलाचे कांहीं तासही माझ्याकडे येत. ‘नीलगिरि’ या समासाचा विग्रह फळ्यावर लिहून मी सांगत असें कीं, या पर्वतावर निलगिरीचीं झाडें दाट आहेत, त्यांच्या पानांवर निळसर झांक असते, दुरून सारा डोंगर निळा दिसतो, म्हणून तो नीलगिरि. विग्रह बरोबर होता. इतिहास साफ चुकीचा होता. हेंच विधान मीं एकदां शाळेच्या वार्षिक अंकांत छापूनही टाकलें. पुढें माझा एक जुना विद्यार्थी कामानिमित्त उटकमंडला राहून आला. त्यानें वहीच्या पानांत दाबून वाळविलेला फुलांचा एक झुबका मला आणून दिला. रंग वाळून काळपट तांबडा झाला होता. तो म्हणाला, “सर, निलगिरीचीं झाडें तिथें साहेबानें लावलेलीं आहेत. हें मात्र तिथलेंच. याला मराठींत काय म्हणतात? आणि संस्कृतांत?” दोहोंपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं, आणि त्याच्या पहिल्या दोन वाक्यांनीं माझी व्युत्पत्ति कोसळली, हें त्याच्या ध्यानांत आलें कीं नाहीं कोण जाणे. माझ्या मात्र आलें.

झाड र्‍होडोडेंड्रॉन या प्रजातींतील आहे. कोठें तें माणसाच्या डोक्याइतक्या उंचीचें झुडूप असतें, तर कोठें आसरा मिळाल्यास आठ-दहा मीटरांचा वृक्ष होतें. उघड्या उतारावर वारा, थंडी व वणवा यांनीं त्याला वेडेंवांकडें, गांठाळ रूप दिलेलें असतें. साल जाड, भेगाळलेली व बुचासारखी. गवताला लागलेली आग निघून गेली तरी आंतील जिवंत लांकूड पुष्कळदां वांचतें तें या सालीमुळें. पानें लांबट, चामड्यासारखीं जाड, फांदीच्या शेंड्याशीं दाटीनें आलेलीं. वरून गर्द हिरवीं आणि खालून तांबूस-पिंगट लवेनें मढविल्यासारखीं. थंडीच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत फांद्यांच्या टोंकांना फुलांचे गोल झुबके येतात. एकेक फूल घंटेच्या आकाराचें, पांच पाकळ्या बुडाशीं जुळलेल्या, आंत दहा केसर, रंग रक्तासारखा, क्वचित् गुलाबी. तळाशीं मध पुष्कळ असतो व त्यासाठीं पक्षी येतात. परागकोश इतर बहुतेक फुलांप्रमाणें उभे फाटत नाहींत. त्यांच्या माथ्यावर बारीक छिद्रें पडतात व त्यांतून पराग चिकट तंतूंत ओंवलेल्या माळेसारखा बाहेर ओढला जातो. फळ म्हणजे लांकडासारखें कठीण बोंड. तें उकललें कीं धुळीइतकें बारीक बीज वार्‍यावर जातें. या बीजाची गोष्ट पुढें लागणार आहे.

युरोपांतील थंड माळरानांवर ‘हीथ’ नांवाचीं खुरटीं झुडपें असतात. त्यांच्यावरून ज्या कुलाला नांव पडलें त्या एरिकेसी कुलांत हें झाड मोडतें. आम्ल, निकस व ओलसर मातींत तग धरण्याची हातोटी या कुलाला साधली आहे. मुळांशीं राहणार्‍या विशिष्ट बुरशीकडून त्याला असें अन्न मिळतें, जें एरव्हीं त्या मातींतून सहज हातीं लागत नाहीं. नीलगिरीवर याच कुलांतील गॉल्थेरिया नांवाचें आणखी एक झुडूप होतें. त्याच्या पानांपासून निघतें तें गंधपुरा तेल. सांधे दुखूं लागले कीं आपण तें चोळतों. (हल्लीं बाजारांत मिळणारें बहुतेक कृत्रिम असतें.) म्हणजे एकाच डोंगरावर एक तेल देशी झुडपाचें व दुसरें परदेशी झाडाचें निघत असतां डोंगराचें नांव मिळालें तें परदेशी झाडाच्या तेलाला.

आतां नांवें. ‘र्‍होडोडेंड्रॉन’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘गुलाबाचें झाड’ असा होतो. परंतु मौज अशी कीं, प्राचीन ग्रीक लोक हा शब्द आपल्या कण्हेरीला, म्हणजे संस्कृतांतील करवीराला, लावीत असत. लिनीयसनें १७५३ सालीं तो हल्लींच्या प्रजातीला दिला आणि तेव्हांपासून कण्हेरीचा त्यावरील हक्क संपला. एका झाडाचें नांव दुसर्‍यानें घ्यावें हा प्रकार मराठींतच घडला असें नाहीं. तामिळ व मलयाळम् भाषांत नीलगिरीवरील या झाडाला ‘काट्टुप्पूवरसु’ म्हणजे ‘रानांतील पूवरसु’ असें म्हणतात. पूवरसु म्हणजे आपलें पारस भेंडीचें झाड. शब्दाचा अर्थ ‘फुलांचा राजा’. पारस भेंडी समुद्रकांठची, हें झाड दोन हजार मीटरांवरचें. दोघांत नातें कांहींच नाहीं. तरीही खालून वर गेलेल्या माणसानें ओळखीच्या झाडावरून अनोळखी झाडाला नांव द्यावें हें स्वाभाविकच आहे. वनस्पतींच्या नांवांतून इतिहास काढूं पाहणार्‍यानें ही गोष्ट सदैव ध्यानांत ठेवावी.

पर्वताच्या नांवाविषयीं पुरावा स्पष्ट आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापति पुणिस याच्या, चामराजनगर येथील १११७ च्या कानडी शिलालेखांत त्यानें तोडांना भयभीत केल्याचा व ‘नील’ पर्वतांत शिरल्याचा उल्लेख आहे. तोडांचें नांव व पर्वताचें नांव एकत्र येत असल्यामुळें हा नील म्हणजे आजचा नीलगिरीच, याविषयीं संशयास जागा उरत नाहीं. ऑस्ट्रेलियन झाड तेथें येण्याच्या सातशेंहून अधिक वर्षांपूर्वीं पर्वत ‘नील’ होता. माझ्या जुन्या व्युत्पत्तीला याहून निराळें उत्तर लागत नाहीं.

कुरिंजीच्या निळ्या फुलांवरून पर्वताला नांव पडलें असें पुष्कळ लिहितात. कुरिंजी ही आपल्या कारवीची बहीण. ती बारा वर्षांनीं एकदां फुलते (२००६ व २०१८ सालीं ती फुलली होती) व त्या वेळीं उतारच्या उतार निळे होतात. ही व्युत्पत्ति सुंदर आहे. पण सुंदर असणें हा पुरावा नव्हे. संस्कृतांत ‘नील’ याचा अर्थ केवळ निळा असा नसून काळा, सांवळा, गडद असाही आहे. पुराणांतील भुवनकोशांत मेरूच्या उत्तरेला नील नांवाचा वर्षपर्वत आहे. पुरीच्या जगन्नाथाचें स्थान नीलाचल, कामाख्येची टेकडीही नीलाचल. या कोणाचाही कुरिंजीशीं संबंध नाहीं. दुरून गडद दिसणार्‍या कोणत्याही डोंगराला हें नांव शोभतें, आणि तेवढ्यावर थांबणें मला जास्त सुरक्षित वाटतें. एकदां हात पोळलेला मनुष्य दुसर्‍या व्युत्पत्तीला जपूनच हात लावतो.

झाडाला शास्त्रीय नांव मिळालें त्याचा वृत्तान्त असा. या डोंगरांवर चढून गेलेल्या पहिल्या युरोपियनांपैकीं जेसुइट पंथाचा पाद्री फिनिसिओ हा १६०३ सालीं तेथें गेला होता. त्याला तोडा लोक पाहावयाचे होते. झाडांकडे त्याचें लक्ष नव्हतें. १७९९ मध्यें टिपूच्या पाडावानंतर हा मुलूख इंग्रजांच्या हातीं आला, तरी पठारावर त्यांची वस्ती व्हावयास आणखी वीस वर्षें लागलीं. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ सालीं वर गेला. लेशेनॉल नांवाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञही त्याच वर्षीं तेथें पोंचला. पुढें बर्नहार्ड श्मिड या जर्मन मिशनर्‍यानें पठारावरील वनस्पति वाळवून जर्मनींत पाठविल्या. येना येथील प्राध्यापक योनाथान कार्ल झेंकर यानें १८३५ पासून छापूं लागलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत त्यांचीं वर्णनें व चित्रें दिलीं. त्यांत या झाडाला त्यानें ‘र्‍होडोडेंड्रॉन निलगिरिकम’ असें नांव दिलें. झेंकर १८३७ मध्यें, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं वारला. ज्या पर्वताचें नांव त्यानें या झाडाला दिलें तो पर्वत त्यानें स्वतः कधीं पाहिला नाहीं.

त्यापूर्वींच हिमालयांतील एका झाडाला नांव मिळून चुकलें होतें. कॅप्टन टॉमस हार्डविक हा १७९६ सालीं गढवालच्या श्रीनगरला गेला. तेथें त्या वेळीं राजा प्रद्युम्न शाह राज्य करीत होता. वाटेंत हार्डविकला जें तांबड्या फुलांचें झाड आढळलें त्याला सर जेम्स एडवर्ड स्मिथ यानें १८०५ सालीं ‘र्‍होडोडेंड्रॉन आर्बोरियम’ असें नांव दिलें. हेंच कुमाऊं-गढवालांतील बुरांस व नेपाळांतील गुरांस. नेपाळनें त्याला राष्ट्रीय पुष्प केलें आहे, उत्तराखंडानें राज्यवृक्ष. नीलगिरीवरील झाड याच्या इतकें जवळचें आहे कीं क्लार्कनें १८८२ सालीं हूकरच्या वनस्पतिग्रंथांत झेंकरची स्वतंत्र जाति मोडून तिला हिमालयी झाडाचा एक प्रकार ठरविलें. आजही कांहीं शास्त्रज्ञ तिला उपजाति मानतात, कांहीं स्वतंत्र जाति. भांडण पानांखालची लव कशी, फुलाचा रंग किती गडद, अशा गोष्टींवर चालतें. पाठभेदांची भांडणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना हें परकें वाटणार नाहीं. दोन पोथ्या एका मूळ प्रतीच्या आहेत हें सर्वांना मान्य असतें. त्यांना एकच ग्रंथ म्हणावें कीं दोन, एवढ्यावर वाद.

या इतिहासांत ज्यांचीं नांवें सहसा घेतलीं जात नाहींत अशा दोघांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मद्रास इलाख्यांतील वनस्पतींचा मोठा अभ्यासक रॉबर्ट वाइट यानें १८३८ ते १८५३ या काळांत सहा भागांत चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, व नीलगिरीच्या वनस्पतींवर निराळा ग्रंथही काढला. या चित्रांमागें रंगय्या व गोविंदू या दोन देशी चित्रकारांचा हात होता. वाइटनें आमरींच्या जातीच्या एका प्रजातीला ‘गोविंदूइया’ असें नांव देऊन त्यांतील एकाचें ऋण फेडलें. पण तें नांव पुढें शास्त्रांत टिकलें नाहीं. तंजावरच्या मराठी दरबारांत सरफोजी महाराजांनीं त्याच सुमारास वनस्पति व प्राणी यांचीं चित्रें काढवून घेतलीं होतीं, हें आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. दक्षिणेंत देशी कुंचला व पाश्चात्य शास्त्र यांची गांठ एकाच ठिकाणीं पडली नव्हती.

विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न संस्कृताचा होता व तो मला अधिक लागला. हिमालयांत वसंतऋतु लागला कीं बुरांसानें डोंगरच्या डोंगर तांबडे होतात. डोळ्यांत न भरणारें हें फूल नव्हे. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हिमालयाचें इतकें वर्णन आहे. भूर्ज आहे, देवदारु आहे, सरल आहे, वार्‍यानें वाजणारे कीचक वेळू आहेत. पण हें झाड नाहीं. तिसर्‍या सर्गांत अकालीं वसंत अवतरतो तेथें अशोक, आम्र, कर्णिकार, पलाश असे मैदानांतील वृक्ष फुलतात. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांतही निर्विवादपणें याचेंच म्हणतां येईल असें नांव नाहीं. अलीकडच्या औषधिसंग्रहांत या झाडापुढें एखादें संस्कृत नांव छापलेलें आढळतें. तें दुसर्‍या कोणत्या तरी तांबड्या फुलाच्या झाडाचें उसनें आणलेलें असतें. असें नांव एकदां छापलें गेलें कीं तें एका पुस्तकांतून दुसर्‍यांत जातें, आणि दहा पुस्तकांत आलें कीं प्राचीन समजलें जातें. माझें निळ्या पानांचें विधानही, शाळेचा अंक कोणीं जपून ठेवला असेल तर, याच मार्गानें जाण्याचा संभव आहे. कवींनीं हें झाड कां वगळलें? माझी समजूत अशी कीं, काव्यांतील ऋतुवर्णनाचे वृक्ष ठरलेले होते व ते मैदानांतील नागरजनांच्या बागांतून निवडलेले होते. डोंगरांतील लोकगीतांतला बुरांस त्या यादींत कधीं शिरलाच नाहीं.

नीलगिरीवरील परंपरा मौखिक आहे व तिच्याकडे वळलेल्या पंडितांत एक संस्कृतज्ञच निघावा हें मला विशेष वाटतें. मरे एमेनो हा वेतालपंचविंशतीच्या एका पाठाचें संपादन करून १९३५ सालीं भारतांत आला व तोडा आणि कोता लोकांच्या भाषा टिपण्यांत त्यानें तीन वर्षें घालविलीं. तोडा गीतांचा त्याचा संग्रह १९७१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याआधीं बरोच्या सहकार्यानें त्यानें द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ मध्यें तयार केला. ज्या डोंगराचा उल्लेख संस्कृत ग्रंथांत शोधीत मी बसलों होतों, त्या डोंगरावर जाऊन तेथील माणसांच्या तोंडून शब्द ऐकण्याचें काम त्यानें केलें.

आतां सर्वांत मोठा प्रश्न. भारतांतील र्‍होडोडेंड्रॉनच्या बाकीच्या सर्व जाती हिमालयांत व ईशान्येकडील डोंगरांत आहेत. एकटी ही दक्षिणेंत, नीलगिरि, पळनी, आनैमलै व त्यांना लागून असलेल्या उंच डोंगरांवर. तिची एक बहीण सिंहलद्वीपांतील उंच पठारांवर. मध्यें सुमारें दोन हजार किलोमीटरांत एकही नाहीं. सातपुड्यांत नाहीं, आपल्या सह्याद्रींत नाहीं. महाबळेश्वरास इतका पाऊस पडत असतां कां नाहीं, असें कोणी विचारील. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर आहे; नीलगिरीवरील दोड्डबेट्टा २,६३७ मीटर व आनैमुडी २,६९५ मीटर. हें झाड साधारणतः १,५०० मीटरांच्या वर, आणि विपुल असें त्याहूनही बरेंच वर वाढतें. म्हणजे जेथें त्याचा आरंभ होतो तेथें आमचा सह्याद्रि जवळजवळ संपतो. शिवाय आमच्याकडे पाऊस चार महिने कोसळून पुढें सात-आठ महिने डोंगर कोरडा राहतो; दक्षिणेंत दोन्ही मोसमी वार्‍यांचा लाभ होत असल्यामुळें तो दुष्काळ इतका लांबत नाहीं.

मग हें झाड तेथें गेलें कसें? बीज बारीक व वार्‍यावर उडणारें असलें तरी तें दोन हजार किलोमीटर उडून नेमकें थंड शिखरावर पडावें हें मानणें कठीण. पुष्कळांचें मत असें कीं, हिमयुगांत हवा थंड असतां हल्लीं उंच शिखरांपुरत्या उरलेल्या वनस्पति पुष्कळ खालीं उतरल्या होत्या. त्या काळीं मधल्या डोंगरांच्या रांगांवरून त्या टप्प्याटप्प्यानें दक्षिणेंत गेल्या. पुढें हवा तापली, मधल्या वसाहती मेल्या, आणि दोन्ही टोंकांचीं शिखरें बेटांसारखीं उरलीं. सुंदरलाल होरा यांनीं डोंगरी ओढ्यांतील माशांच्या आधारें असाच मार्ग सातपुड्यावरून गेला असावा असें १९४० नंतरच्या दशकांत मांडलें. नीलगिरीवरील दलदलींत साठलेल्या कुजट मातीच्या थरांची परीक्षा करून सुकुमार व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं दाखविलें कीं, गेल्या वीस हजार वर्षांत तेथील हवा पुनःपुन्हां पालटली व तिच्याबरोबर गवत आणि झाडी यांचें प्रमाणही पालटत गेलें. म्हणजे पठार आज दिसतें तसेंच सदैव होतें असें नव्हे.

तथापि येथेंही सावधगिरी हवी. नीलगिरीवरील रानबकरा हा हिमालयांतील ‘थार’ या रानबकर्‍याचा सख्खा भाऊ, असें शंभरावर वर्षें समजत होते, व हिमालय-नीलगिरि संबंधाचा तो ठळक दाखला म्हणून सांगत. २००५ सालीं त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली तेव्हां तो मेंढीच्या वंशाला अधिक जवळचा निघाला आणि त्याला निराळी प्रजाति द्यावी लागली. झाडाच्या बाबतींत नातें खरें आहे. तरी दिसण्यावरून नातें ठरविण्याची चूक शास्त्रज्ञांनाही भोंवते, हें व्युत्पत्तीच्या मार्गानें जाणार्‍या आम्हां लोकांना थोडेंसें समाधान देणारें आहे.

र्‍होडोडेंड्रॉनचा इतिहासाशीं एक जुना व प्रसिद्ध संबंध आहे, त्याचा ओझरता उल्लेख करतों. या प्रजातीच्या कांहीं जातींच्या पानांत व मधांत विष असतें. काळ्या समुद्राच्या कांठीं इ. स. पूर्वीं ४०१ सालीं परतीच्या वाटेवरील ग्रीक सैनिक तेथील मध खाऊन वेड्यासारखे पडले, असें त्यांचा सेनानी झेनोफन यानें लिहून ठेवलें आहे. पुढें त्याच प्रदेशांत पाँपीच्या शिपायांना शत्रूनीं मुद्दाम असा मध ठेवून गांठलें व मारलें, असें स्ट्रेबो सांगतो. त्या जाती निराळ्या. हिमालयांतील बुरांसाच्या पाकळ्यांचें तर कुमाऊंत सरबत करतात.

नीलगिरीवर उंचावरचें रान दोन प्रकारचें असतें. घळींतून, ओढ्यांच्या कडेनें दाट, बुटकें, सदाहरित रान. त्याला तामिळांत ‘शोला’ म्हणतात. घळी सोडून सारे उतार गवताचे. शोलांतील बहुतेक झाडें गवतांत पाऊल टाकीत नाहींत, कारण तेथें हिंवाळ्यांत रात्रीं दंव गोठून कोंवळीं रोपें जळतात व उन्हाळ्यांत वणवे येतात. या दोहोंना तोंड देऊन गवतांत एकटेंदुकटें उभें राहणारें जें मोजकें झाड, तें हेंच. दुरून पाहणाराला हिरव्या-पिवळ्या उतारावर तांबडा ठिपका दिसतो तो याचा.

इंग्रजांना हें गवत म्हणजे पडीक जमीन वाटली. १८४० नंतर तेथें ऑस्ट्रेलियांतील बाभळीच्या जातीचीं झाडें व निलगिरी लावण्यास आरंभ झाला. उटकमंडच्या वस्तीला जळण पाहिजे होतें आणि शोला तोडून संपत चालले होते. तेव्हां ही लागवड त्या वेळीं शहाणपणाचीच वाटली असेल. १८५६ पासून निलगिरीची लागवड पद्धतशीर झाली. चहाचे मळे आले. स्वातंत्र्यानंतरही झाडें लावणें म्हणजे पुण्यकर्म, या समजुतीनें गवताळ उतारांवर परदेशी झाडांची लागवड चालूच राहिली, आणि त्यांतील काळी बाभूळ तर आतां कोणी न लावतां आपोआप पसरते. जें झाड दंवाला व आगीला हार गेलें नाहीं तें तिच्या दाट सावलींत रोप धरूं शकत नाहीं. १९८६ सालीं नीलगिरि जीवावरण राखीव क्षेत्र झालें व मुकुर्तीच्या बाजूस कांहीं उतार राखले गेले आहेत. तेथें परदेशी झाडें काढून गवत परत आणण्याचे प्रयत्नही होत आहेत. झाडें तोडून निसर्ग राखावयाचा, हें ऐकून माझ्या पिढींतील शिक्षकाला प्रथम धक्काच बसतो. वृक्षारोपणाच्या दिवशीं शाळेच्या आवारांत निलगिरीचीं रोपें ओळीनें लावून घेणार्‍यांत मीही होतों, आणि पुढें त्यांच्या सावलींत दुसरें कांहीं उगवेना हें पाहत असूनही त्याचा अर्थ लावण्याचें मला सुचलें नव्हतें.

या झाडाला नवें संस्कृत नांव घडवावें, अशी सूचना एका स्नेह्यांनीं केली. ‘नीलगिरिजा’, ‘रक्तगुच्छ’ असे शब्द जुळविणें कठीण नाहीं. व्याकरण येणाराला तो दोन घटकांचा खेळ आहे. परंतु आज घडविलेला शब्द उद्यां कोणी प्राचीन म्हणून उद्धृत करील, या भीतीनें मीं तें केलें नाहीं. आपल्याला बोलण्यापुरतें तिथलेंच ‘काट्टुप्पूवरसु’ चालेल. लिहितांना झेंकरनें दिलेलें नांव आहेच.

विद्यार्थ्यानें आणलेला झुबका मीं जाड कागदावर टांचून ठेवला आहे. खालीं झेंकरचें नांव, उटकमंड, व आणल्याचें साल घातलें आहे. ‘मराठी नांव’ ही ओळ कोरी आहे. शाळेच्या वार्षिक अंकांत ‘नीलगिरि’ शब्दावर मीं जें लिहिलें होतें तें ज्या कोणापाशीं असेल त्यानें तें रद्द समजावें. झाडावरून पर्वताचें नांव पडलेलें नाहीं, पर्वतावरून झाडाचें पडलें, आणि तेंही भलत्याच झाडाचें.